वाढत्या अंगाचा सेन्सर

प्रिय भाऊजींस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. (वयाने तुम्ही मोठे असलात तरी नात्याने मी वडील, तेव्हा मुकाट्याने घ्यावेत.) जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नका, आणि वरच्या मजल्यावरून चहासाठी हाका मारणं तुम्हीही सोडा. इकडे बॉयलर सोडून सगळे ठणठणीत आहेत. लॉन्ड्री बंद आहे, हॉटेलवाल्यांनी या महिन्याच्या चादरी दुसरीकडे टाकल्या आहेत, आणि तुमचे दादा कोणाला म्हणजे कोणालाही, थोडक्यात तुम्हाला, काही विचारायला तयार नाहीत. ज्याचा जन्म कारखान्यांत सेन्सर बसवण्यात गेला असा सख्खा भाऊ असताना ही आमची अवस्था.

मूळ दुखणं तुम्हाला ठाऊक आहेच. बॉयलरवरचा जुना मीटर काटा अडकवून बसायला लागला, म्हणून दाबाचे आकडे दाखवणारा सेन्सर घ्यायचं ठरलं. ह्यांनी हौसेने तुम्हाला फोन केला आणि तुम्ही म्हणालात, "दादा, आधी माहितीपत्रक वाच, मग बोल." झालं. ज्याला सायकल शिकवली तो मला वाचायला सांगतो, असं म्हणून ह्यांनी फोन ठेवला, तो ठेवलाच. (माहितीपत्रक नंतर चोरून आणलं. त्यातला फोटो आवडला.)

आमचा बॉयलर चालतो सहा बार दाबावर. दुकानदाराने विचारलं, दहापर्यंत मोजणारा देऊ, पंचवीसपर्यंतचा की अडीचशेपर्यंतचा? ह्यांनी अडीचशेचा उचलला. सासूबाई तुम्हा दोघांना वाढत्या अंगाचे सदरे घ्यायच्या ना, तोच हिशेब. उद्या दाब सात झाला तर, असं हे म्हणाले. सात झाला तरी दहात मावेल की, असं मी म्हटलं, तर मला इस्त्रीकडे लक्ष द्यायला सांगण्यात आलं. शिवाय त्याची चूक जेमतेम एक टक्का, यावर हे बेहद्द खूष होते. हा टक्का आपल्या सहाचा नसून अख्ख्या अडीचशेचा, म्हणजे अडीच बार इकडे नाहीतर तिकडे, हे खालच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं मला पुढे सापडलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सेन्सरची आकडे दाखवणारी डबी दिमाखात सहा दाखवत होती, आत दाब आठावर गेला होता, आणि सेफ्टी व्हॉल्व असा काही किंचाळला की हॉटेलचे मॅनेजर समोरच्या चादरींच्या ढिगात शिरले. त्यांना समजावून बाहेर काढावं लागलं.

मग दहाचा आणला. तो बसवला तेव्हा बॉयलर थंडगार होता, तरी डबीवर एक. आत वाफ कोंडली आहे, कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला. सगळे दबक्या पावलांनी चालायला लागले. सगळे व्हॉल्व उघडले, तरी एक. शेवटी सेन्सर काढून टेबलावर ठेवला, तरी एक, तेव्हा हे टेबलाकडे संशयाने बघायला लागले. (तो निर्वात पोकळीपासून मोजणारा निघाला, आपल्याभोवतीच्या हवेचा दाबही धरून. आपल्याला हवेच्या दाबाच्या वर किती तेवढंच सांगणारा हवा होता. हेही मीच वाचलं.) तिसरा सगळ्या बाबतींत बरोबर होता, पण पंच्याऐंशी अंशांच्या वर न सोसणारा जीव तो, आणि ह्यांनी त्याला थेट वाफेच्या पाइपवर बसवला. दुपारपर्यंत वारला. चौथा अजून खोक्यात आहे.

मी हे हसत लिहिते आहे, पण मला मनापासून वाईट वाटतं. हे रोज बंद लॉन्ड्रीत जाऊन बसतात, फोन हातात घेतात, तुमचं नाव काढतात आणि फोन पालथा ठेवतात. तुम्ही दोघं बोलत नाही हे मला सोसत नाही. त्यापुढे सेन्सरचं काही नाही.

जाऊबाईंना गोड बोला. मुलांना पापा.

तुमची,
वहिनी

ता. क. हे पत्र ह्यांना माहीत नाही. उत्तर पाठवलंत तर त्यात 'वाच' हा शब्द घालू नका.

दुसरा ता. क. खरं म्हणजे उत्तर नकोच आहे. सेन्सर आणि वाफ यांच्यामध्ये नळीचा वळसा घालायचा, म्हणजे त्यात पाणी साठून सेन्सर गार राहतो, हे दुकानदाराने मला केव्हाच सांगितलं. वळसा आणून मी धुण्याच्या सोड्यामागे ठेवला आहे. ह्यांना बोलले नाही. म्हटलं, तुम्ही फोन करून सांगावं. एवढंच मागणं.

तिसरा ता. क. पत्ता घालायला हिने पाकीट माझ्याकडे दिलं, ते उघडंच. हिला मी चांगला ओळखतो. वळसा सापडला. मला बसवता येतो, पण बसवत नाही. तू ये. तू बसव, मी बॅटरी धरतो.
— दादा