सारख्या उंचीची अक्षरे

गुरुजी,

धावड्याच्या शाळेत तुम्ही मला माझी पाटी जिभेने पुसायला लावलीत, त्याला साठ वर्षे होत आली. एक अक्षर ओळीबाहेर उंच गेले होते. "चार अक्षरं एका उंचीची येईनात, अन् वर मान करून बघून राह्यला," असे तुम्ही म्हणालात आणि वर्ग हसला. चौथीनंतर माझी शाळा सुटली. अक्षर मात्र मी सुटू दिले नाही. तुमच्या मयतीला मी आलो नाही, तेही मुद्दाम.

आता मी नवीन जालन्यात मुलाकडे राहतो. मागच्या उन्हाळ्यात घरी बिनतारी इंटरनेट बसले. बसवणाऱ्याने पासवर्ड चिठ्ठीवर खरडून दिला. इंग्रजी अक्षरे, काही ठेंगणी, काही उंच. असले गबाळे लिखाण घरात ठेवणे मला शोभणारे नव्हते. सगळी अक्षरे मोठी, एका उंचीची काढून मी वहीत उतरवून घेतली आणि चिठ्ठी फाडून टाकली.

दुसऱ्याच दिवशी नात तिचा लॅपटॉप घेऊन आली. पुढच्या शिक्षणाचा अर्ज त्याच दिवशी पाचच्या आत इंटरनेटवरून भरायचा होता. लॅपटॉपमध्ये लिनक्स नावाची फुकट मिळणारी व्यवस्था होती. इंटरनेटचे नाव पडद्यावर दिसे, पण जोडणी होत नसे. ती सकाळपासून काळ्या पडद्यावर आज्ञा लिहीत होती, जोडणी चालवणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली काढून पुन्हा घालत होती, माझी अक्षरे सगळी लहान करूनही पाहत होती. बाजारातल्या नेटकॅफेत जाते म्हणाली. घरात सोय असताना मुलीने दुकानात बसायचे नाही, असे मी बजावले.

तीनच्या सुमारास ती वही घेऊन माझ्यापुढे बसली.

"आजोबा, चिठ्ठीत काही अक्षर लहान, काही मोठे असं होतं का? नीट आठवून सांगा."

"न्हाई. जसं होतं तसंच लिहिलं. फुकटाचं आणलं की असंच व्हायचं. माझ्या अक्षरात चूक काढू नको."

तिने पुन्हा विचारले नाही. पाच वाजले, अर्जाची मुदत संपली. दिवसभर फोन न उचलणारा बसवणारा दुसऱ्या सकाळी आला, त्याने आपल्या कागदावरून पासवर्ड घातला आणि जोडणी लगेच झाली. आजोबांच्या लक्षात राहिले नसेल, असे नातच सगळ्यांना समजावत होती. ते वर्ष तिने घरी काढले.

हे पत्र खरे तर तिला लिहायला हवे. तुम्हाला लिहितो, कारण तुम्ही वाचणार नाही. तिने विचारले तेव्हा ती चिठ्ठी मला अक्षरन् अक्षर आठवत होती.