घड्याळ बारावर अडलेला लॅपटॉप

६ ऑक्टोबर, सोमवार

त्या दिवशी सकाळी सडा टाकला, गोठ्यातलं शेण काढलं, यांना चहा दिला, मग सहा बायांच्या भाकरी थापल्या. सोयाबीन सोंगायला बाया सांगितल्या होत्या, नऊला वावरात पोचायचं होतं. जवस भाजून घेतलं. स्वयंपाकघरातला प्लग जळालेला, म्हणून मिक्सर उचलून पुढच्या खोलीत आणला. तिथं हे खाटेवर, मांडीवर लॅपटॉप, पहाटेपासून टाईप करत बसलेले. मी भिंतीतला त्यांचा प्लग ओढला आणि मिक्सरचा घातला.

एवढंच केलं. स्क्रीन काळी झाली. त्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, वीज गेली की जागेवर बंद. मला माहीत होतं. पण हातात जवस होतं आणि डोक्यात बाया.

"सकायपासूनचं सारं गेलं व! तुले कधी समजन?"

"मंग बायाइले चटनी कायची देऊ? तुमची वावरं वाटून देऊ का?"

हे शिवारातल्या वावरांची नावं लिहीत होते. कोणत्या वावराला काय म्हणतात, का म्हणतात. शाळेतून रिटायर झाल्यावर हेच काम. मी टोपलं डोक्यावर घेतलं आणि उंबऱ्यातून आणखी एक फेकलं, "आन टेंभऱ्याच्या वावरात टेंभुर्नीचं झाड होतं म्हना! आत्यानं आपल्या डोयानं पाह्यलं. ते लिवा पह्यले." आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.

वळून पाहिलं नाही.

साडेबाराला वावरात निरोप आला. हे शाळेच्या ओट्यावर बसल्या बसल्या गेले.

दोन वर्षं झाली. कोणाला सांगितलं नाही. वहीला सांगून पाहते.

८ ऑक्टोबर, बुधवार

ज्योती आली किन्हीराजाहून, दिवाळीच्या आधी घर झाडायला. पोरगी सासरी गेली तरी माझी मांडणी बिघडवल्याशिवाय तिला जेवण जात नाही. कपाटातून लॅपटॉप काढला, झाकण उघडलं आणि ओरडली.

"माय, हे काय व? तांदूळ! कुकू!"

"दसऱ्याले पूजा केली."

"लॅपटॉपची?"

"इयाची केली, पावशीची केली, याचीच काहून नाही? त्याइचं अवजारच होतं ना हे."

पहिल्या वर्षी यांनीच मांडला होता पाटावर, विळा, विळी आणि कुऱ्हाडीशेजारी, वर झेंडूचं फूल. तेव्हा कुंकवाचं एकच बोट लावलं होतं, झाकणाला. हे गेल्यावर मीच करते, दोन दसरे झाले. झाकण उघडून करते. माझा हात जरा सढळ आहे.

"पानी तं नाही ना शिंपडलं?"

मी भांडी घासायला गेले.

तिला आता तो चालू करून पाहायचा आहे. मी नको म्हटलं. काहून म्हणे. मी झाकण लावलं. दोन वर्षांत मी त्याचं बटण दाबलेलं नाही. चालू झाला आणि आत काही नसलं तर? यांचं शेवटचं काम माझ्या हातानं गेलं, आणि मनात तेच घेऊन हे गेले, असं होईल. झाकण बंद आहे तोवर तेवढं तरी नक्की नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ज्यो. गेली. जाताना तंबी दिली की मंगरूळला सलीमभाईच्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन दे, नाहीतर मी येऊन नेते.

आज नुसता पुढ्यात घेऊन बसले. वजन तीन किलो, तराजूवर टाकून पाहिलं. अकोल्याचा एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा यांनी आणला, तेव्हाच म्हातारा होता. "आमी दोघंबी रिटायर," म्हणायचे. झाकणाची एक बिजागरी तुटलेली, म्हणून मागून डालड्याचा डबा टेकवायचा. स्क्रीनवर उजवीकडे एक हिरवी उभी रेघ, ती कधी गेलीच नाही. कीबोर्डची एक की निघून हरवली तेव्हा यांनी माझ्या डब्यातलं शर्टाचं बटण मागून घेतलं आणि चिकटवलं. चार भोकांचं, पांढरं. पोटाशी एक चिकटपट्टी आहे, तिच्यावर लिहिलं आहे: १ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क. इंग्रजी आहे, पण वाचलं.

शाळेत मी गेले नाही. लग्न झालं मास्तराशी, तरी शिकले ती एसटीच्या पाट्यांवरून आणि किराण्याच्या पुड्यांवरून. यांनी शिकवायला घेतलं की आमचं भांडण व्हायचं. नंतर हे टाईप केलेलं मोठ्यानं वाचायचे, मी निवडत-टिपत ऐकायची आणि चुका काढायची. "शिवार तुयं हाय का माह्यं?" विचारायचे. मी म्हणायची, "पायानं फिरली मी. तुमी सायकलीवर."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मंगरूळला गेले. तीन किलो पिशवीत घेतले की ज्वारीच्या पिठासारखे खांद्याला लागतात.

सलीमभाई पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, माझ्या लग्नातला रेडिओ त्यांनीच दोनदा जिवंत केला. दाढी पांढरी झाली आहे. यांना ओळखत होते. लॅपटॉप पाहून आधी त्याच्या पाठीवर हात फिरवला, मग स्क्रू काढले. पंखा उघडला आणि चष्मा वर केला.

"भाभी, याच्यात तं अक्षता निंघून राह्यल्या. लगन लावलं का याचं?"

मी सांगितलं, दसरा.

"और ये कुंकू! पुरा जाम करून टाकला पंखा. असा चालू केला असता तं दहा मिनटात तापून बंद पडला असता. अच्छा हुआ नाही केला." मग हसून म्हणाले, "पुढच्या साली बाहेरूनच लावा. झाकन बंद करून."

मग मी विचारलं. प्लग एकदम ओढला तर आतलं सगळं जातं का? कोणी ओढला ते नाही सांगितलं. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, कधी जाते, कधी नाही, थोड्या थोड्या वेळानं मशीन आपलं आपण एक कॉपी ठेवत राहते. पाहून सांगतो.

मी म्हटलं, चालू करा, पण फाईल उघडू नका. मी आल्यावर.

परत येताना खांदा हलका होता आणि तेच बरं वाटत नव्हतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सलीमभाईंचा फोन. चालू झाला. उद्या या.

जेवण गेलं नाही. लोक म्हणाले होते की गुरुजी त्या दिवशी ओट्यावर गप्पच होते, कोणाशी बोलले नाहीत. ते गप्प बसणं मी दोन वर्षं माझ्या नावावर ठेवलं आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सगळं लिहिते, हात दुखला तरी.

दुकानात लॅपटॉप चालू होता. हिरवी रेघ जागच्या जागी. सलीमभाईंनी मागे डबा टेकवला होता, बिस्किटाचा. फाईलचं नाव दिसत होतं, 'शिवार'. त्याच्या पुढे शेवटची सेव्ह केल्याची तारीख आणि वेळ.

१ जानेवारी. रात्री १२ वाजून ५२ मिनिटं. वर्ष ज्यो. शाळेत जायची तेव्हाचं.

तेव्हा हा लॅपटॉप आमच्या घरी नव्हताच. आणि हे रात्री नऊच्या पुढे कधी जागले नाहीत. मला वाटलं, म्हणजे ही कोणा दुसऱ्याची फाईल, यांची गेलीच. माझ्या तोंडाकडे पाहून सलीमभाईंनी स्टूल पुढे केलं.

"बसा भाभी. हे याचं दुखनं आहे, तुमचं नाही."

त्यांनी एक गोल सेल दाखवला, मनगटी घड्याळात असतो तसा, थोडा मोठा. तो लॅपटॉपच्या पोटात असतो आणि घड्याळ चालू ठेवतो. तो मेलेला. मोठी बॅटरीही मेलेली. म्हणून प्लग निघाला की हा वेळ विसरतो, आणि पुन्हा लावला की पहिल्यापासून सुरू, १ जानेवारी, रात्रीचे बारा. मला खरं वाटेना. त्यांनी माझ्यासमोर प्लग ओढला. तोच आवाज, पंखा थांबल्याचा. पुन्हा लावला. चालू झाल्यावर कोपऱ्यात पाहिलं तर बारा वाजून एक मिनिट.

"मतलब, चालू केल्यावर बावन्न मिनटं बसून होते गुरुजी. मंग सेव्ह केलं."

"कोनत्या दिवशी?"

"ते हा सांगू शकत नाही भाभी. याच्याकडे रोजच एक जानेवारी. आतमधीच पाहा."

उघडलं. अक्षरं मोठी करून दिली. मी बोट लावून वाचायला लागले. गोटाड्या. बोरीचं वावर. सतीचा तुकडा. हे सगळं मी ऐकलेलं. मग आलं.

'टेंभऱ्याचं वावर. आज इथे टेंभुर्णीचं एकही झाड नाही, पण होतं. आईने स्वतः पाहिलेलं. माहिती: वच्छला.'

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा सलीमभाईंना वाचायला लावलं, माझ्या डोळ्यांवर भरवसा नव्हता. त्यांनीही तेच वाचलं.

हे मी उंबऱ्यातून फेकलं होतं. प्लग ओढल्यानंतर. त्याच्या आधी कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मी गेल्यावर यांनी प्लग परत लावला, लॅपटॉप चालू केला, सकाळचं काम त्यांना मिळालं, आणि त्यात पहिलं काय घातलं तर माझं बोलणं. त्याच्या पुढे आणखी चार वावरं आहेत, कारणांसकट, सावकाश लिहिलेली. रागात माणूस असं लिहीत नाही. यांना मी ओळखते, रागात हे कागदाची गोळी करायचे.

आणि सगळ्यात शेवटी:

'नाल्याकाठचं आडवं वावर. नाव — ? वच्छी वावरातून आली की विचारणे.'

वच्छी. चारचौघांत कधी म्हटलं नाही. टाईप केलं.

मी दुकानात रडले नाही. चहा मागवला होता तो पूर्ण प्याले, बिस्कीटही खाल्लं. सलीमभाई दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मोबाईल उघडून बसले, माझ्याकडे पाहिलं नाही. भला माणूस.

निघताना फाईल पेन ड्राईव्हमध्ये टाकून त्यांच्या नव्या कॉम्प्युटरवर लावली, तर नुसतं इंग्रजी चिन्हांचं शेण झालं. मी परत स्टुलावर बसले. तर म्हणे घाबरू नका, गुरुजींची अक्षरं जुन्या पद्धतीची आहेत, ती या म्हाताऱ्यालाच वाचता येतात. म्हणून याच्यावरूनच प्रिंट काढली. बावीस पानं. नवा सेलही टाकायला निघाले होते, घड्याळ बरोबर चालेल म्हणून. मी नको म्हटलं.

"काहून?"

"राहू द्या. त्याच्यानंच समजलं ना."

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज उशिरा जाग आली. उन्हं ओट्यावर आली होती. किती दिवसांनी असं झालं.

ज्यो.ला फोन करून सगळं सांगितलं, प्लगपासून. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माय, दोन वर्षं हे पोटात ठिवलं तू? मले सांगितलं असतं तं तवाच बटन दाबलं असतं ना मी."

"तवा दाबलं असतं आन आत काही नसतं, मंग?"

"मंग बी मी होती ना."

ते खरं आहे. मला सुचलं नव्हतं.

ते ओट्यावर गप्प का होते ते आता कळणार नाही. छातीत दुखत असेल. नाही तर आडव्या वावराचं नाव आठवत असतील. यांना नाव आठवत नसलं की असेच गप्प बसायचे, ओठ हलायचे नुसते. दुःख आहे तेवढंच आहे, ते कमी होत नाही, पण त्याच्यावर ठेवलेला धोंडा निघाला. आज दोन भाकरी गेल्या.

दुपारी बावीस पानं पुन्हा वाचली. बोरीच्या वावरात यांनी एक विहीर चुकीच्या बाजूला लिहिली आहे. सायकलीवरून पाहिलेली. पेन्सिलीनं खूण केली.

पण आडव्या वावराचं नाव मलाही येत नाही. हे मला विचारणार होते, आणि मी आले असते तरी सांगू शकले नसते. 'तुले बी येत नाही ना?' म्हणून हे हसले असते, चार दिवस पुरवून पुरवून.

आत्याची धाकटी बहीण इंझोरीला आहे. सोनामावशी. लग्नाआधी बहिणीकडे राहून याच शिवारात कापूस वेचायची. नव्वदीच्या पुढे गेली आहे. कान गेले, माणसं ओळखत नाही म्हणतात. तिची सून म्हणाली होती मागे, जुनं विचारलं तर कधी कधी सांगते, आजचं विचारलं तर नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

काल लिहिलं नाही, दिवसभर बाहेर होते.

काल सकाळी सडा टाकला, शेण काढलं. जवसाची चटणी पाट्यावर वाटली. सोनामावशीला मऊ लागतं म्हणून भाकरी दुधात भिजवून डब्यात घेतली. बाविसावं पान घडी घालून पिशवीत ठेवलं, पेन्सिल ठेवली. मंगरूळला गाडी बदलून इंझोरीला उतरले. मावशी अंगणात बाजेवर उन्हात बसली होती. मी तिच्या पायांशी बसले, तिचा हात हातात घेतला आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं, "मावशी, नाल्याकाठच्या आडव्या वावराले काय म्हनत तुमी?"