बोटीतले एकतीस कोनाडे

३ ऑक्टोबर

या बोटीत एकही कोपरा चौकोनी नाही! सकाळपासून सहा डबे घेऊन बसले आहे आणि सहाही डबे बाहेरच. भिंती फुगलेल्या, फळ्या तिरक्या, आणि प्रत्येक जागा आत निमुळती होत होत शेवटी मूठ जाईल एवढीच उरते. तीस वर्षं इस्पितळाचं औषधभांडार सांभाळलं, एक सुई इकडची तिकडे झाली नाही. आणि इथे सहा डबे मला रडवताहेत.

येत्या एक तारखेला निघायचं. दोन दिवसांचं पाणी ओलांडून आधी लेकीच्या गावी, मग किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे – वर्षभर! ह्यांचं स्वप्न. लग्नापासून ऐकते आहे. अकरा वर्षं ही शिडाची बोट याच धक्क्याला बांधलेली. रविवारी फिरून यायचं, इतकंच. आता घर लेकाच्या ताब्यात दिलं आणि आम्ही दोघं इथे राहायला आलो.

दुपारी पालथी पडून, गुडघे टेकून सगळे कोनाडे मोजले. तीस. कशात काय ठेवलं ते रोज इथेच लिहायचं ठरवलंय, तारखेसकट. नाहीतर समुद्रात बसून मीठ शोधत बसेन.

५ ऑक्टोबर

पायाखालच्या फळ्या उचलल्या. खाली बोटीचं पोट. त्यात डबाबंद भाज्या, बावीस डबे. हे म्हणाले, आधी सगळ्यांचे कागद सोलून काढ.

"का?"

"कागद भिजला की सुटतो, पाणी उपसायच्या पंपात जाऊन बसतो, आणि मग वाटाण्याच्या चिठ्ठीपायी बोट बुडते!"

मग दोघांनी बसून कागद सोलले. पत्र्यावर ह्यांनी मार्करने नावं लिहिली – वाटाणा, वाटाणा, मका, वाटाणा. अक्षर अजून मोत्यासारखं आहे हो माणसाचं.

लोकरीचे कपडे उशांच्या अभ्र्यांत भरले. आता आम्ही स्वेटरांना टेकून बसतो. काचेच्या बाटल्या आपटू नयेत म्हणून मोज्यांत घातल्या. संध्याकाळी ह्यांना मोजे सापडेनात. "व्हिनेगरने घातलेत," म्हटलं.

७ ऑक्टोबर

धक्क्यावरचा सुतार येऊन गेला. कानावर पेन्सिल, खिशात फुटपट्टी – मी त्याचं नावच फुटपट्टी ठेवलंय. बिछान्याखालच्या त्रिकोणी पोकळीला झाकण करून दिलं. जाताना म्हणाला, "काकू, बोटीत चौकोनी डबा आणायचाच नाही. पिशवी आणायची. पिशवी समजूतदार असते."

पिशव्या : कोनाडा ४, ५, ९. तांदूळ, डाळी, पीठ.

९ ऑक्टोबर

पहिली छोटी फेरी. सकाळी निघालो, वारा छान, ऊन छान. मी आत राहून काय घसरतं, काय आपटतं ते पाहत होते. फक्त बशा वाजल्या. (बशांमध्ये टॉवेल घालणे.)

येताना मजा झाली. बाहेर येऊन बघते तर आपला धक्का नाहीच! हे चक्क मासेमारांच्या धक्क्याला बोट लावत होते. दोर टाकायला हातात घेतलेला. मी म्हटलं, "अहो कप्तान, हे कुठे आणलंत?" क्षणभर बघत राहिले, मग म्हणाले, "तुला मासळी घ्यायची होती ना?" मला कधी हवी होती मासळी! हसून हसून पुरेवाट झाली.

घेतली शेवटी मासळी. चांगली निघाली.

११ ऑक्टोबर

लेकीचा फोन. "आई, दोर-बीर तूच ओढतेस की काय?" म्हटलं, मी नुसती कोनाड्यांत डोकं घालते. तिकडे तिने आमच्यासाठी खोली रंगवायला काढली आहे. वेडी! आम्ही बोटीतच राहणार.

१४ ऑक्टोबर

आज जग जिंकलं! बिडाचा तवा आणि लोखंडी खलबत्ता – सासूबाईंचे दोन्ही – यांना जागा मिळेना म्हणून आठवडाभर कपाळाला आठ्या. हे म्हणत होते, ठेव घरीच. मी म्हटलं, मी येणार तर खलबत्ता येणार. आणि आज पायऱ्यांशेजारी, भिंतीच्या आतल्या अंगाला, पडद्यामागे मोजायचं राहिलेलं एक बोळकांडं सापडलं. हात कोपरापर्यंत जातो. तवा उभा बसला, त्याच्यापुढे खलबत्ता. जणू त्यांच्यासाठीच केलेलं!

त्याच भिंतीत बाहेरून ह्यांचं होकायंत्र बसवलेलं आहे. बाहेर त्यांचं यंत्र, आत माझा खलबत्ता. नवरा-बायकोच्या मध्ये एवढीच भिंत.

कोनाडा ३१. तवा, खलबत्ता. सगळे कोनाडे भरले!

१७ ऑक्टोबर

दिवसभराची फेरी – पांढऱ्या खडकाच्या बेटापर्यंत. तीन तासांची वाट. ह्यांनी नकाशा पसरला, पट्टी लावली, आकडा काढला आणि होकायंत्राबरहुकूम निघाले. मोबाइलवर नकाशा आहे, पण ह्यांचा हट्ट. "तो पाण्यात पडला की काय करशील?"

तीन तासांनी बेट नाही. नुसतं पाणी. शेवटी मोबाइल काढला. बेट भलतीकडेच, लांब मागे डाव्या हाताला! जेवणाचा डबा तसाच परत आला.

१९ ऑक्टोबर

पुन्हा तेच. या वेळी आकडेमोड तीनदा केली, मला दाखवली. मी स्वतः सुकाणू धरून होकायंत्रासमोर बसले. "दोनशे दहा धर." धरलं. डोळ्यांत तेल घालून बघत होते, काटा दोनशे दहावरून हलू दिला नाही. तरी चुकलो. खडकांच्या इतके जवळ गेलो की पाण्याखालचं शेवाळ दिसलं.

परत येताना हे म्हणाले, "काटा बरोबर. तूही बरोबर. म्हणजे नकाशावरून आकडा काढणारा चुकला."

मी म्हटलं, "एखादे दिवशी होतं."

"दोन दिवस झालं."

२१ ऑक्टोबर

आज हे बोललेच. मला वाटतच होतं, पण मी तोंडातून काढत नव्हते.

"दादाचं असंच सुरू झालं होतं."

थोरले दीर. चाळीस वर्षं दुकान ते घर चालत येत. एके दिवशी भलत्याच दारात उभे राहून आपली किल्ली लावत होते. त्या घरच्या बाईने हात धरून आणून सोडलं. तेव्हा सगळे हसलो होतो. तेही हसले होते. पुढच्या पाच वर्षांत त्यांना बायको ओळखू येईना. त्यांचं सगळं ह्यांनी केलं – अंघोळ, जेवण, सगळं. म्हणून ह्यांना पुढचं प्रत्येक पाऊल ठाऊक आहे. समजूत घालायला जागाच नाही.

मी म्हटलं, "काहीतरीच!" आवाज माझा मलाच खोटा वाटला.

२२ ऑक्टोबर

काय करू मी?

२३ ऑक्टोबर

हे दिवसभर नकाशा पुढ्यात घेऊन बसतात. तीच बेरीज, तीच वजाबाकी. उत्तर दर वेळी तेच येतं आणि त्यांचा त्यावर विश्वास बसत नाही. चहा ठेवला तर विचारतात, "मी मघाशी घेतला का?" नाही घेतला. पण आता प्रत्येक गोष्ट विचारून करतात. असा माणूस नव्हता हो हा.

मी काय केलं? कोनाडे आवरले. आवरलेलेच परत आवरले. औषधभांडारात कुठल्या दुखण्याला कुठलं औषध कोणत्या फळीवर ते झोपेतही सांगितलं असतं. इथे दुखणं समोर बसलंय आणि मी तांदळाची पिशवी चारातून पाचात हलवते आहे. दुसरं येतं काय मला?

२४ ऑक्टोबर

लेकीला सांगावं लागलं. रडली. मग तिची नेहमीची घाई – डॉक्टरांची वेळ घेतली, तीस तारीख. "आई, बोट विका. बाबांना पाण्यावर नेऊ नकोस."

म्हणे मी नेते! मला कोण विचारतं? मी तर एकतीस कोनाडे भरणारी बाई.

फोन ठेवून आत आले तर हे फुटपट्टीशी बोलत होते. "कुणी घेणारं असेल तर बघ." इतक्या सहज म्हणाले, जसं काही जुनी खुर्ची देऊन टाकायची आहे. तो बिचारा नुसता मान हलवत उभा.

तीन आठवड्यांपूर्वी हाच माणूस वाटाण्याच्या डब्यांवर नावं लिहीत शीळ घालत होता.

२६ ऑक्टोबर

क्रमाने लिहिते.

फुटपट्टीने बोट बघायला एक बाई आणली. फेरीबोट चालवायची, हल्लीच निवृत्त झालेली. आवाज भोंग्यासारखा. हे मुकाट्याने सगळं दाखवत होते. बाई प्रत्येक झाकण उघडून हात घालून बघे. एकतीस नंबरला हात घातला आणि थांबली.

"हे काय आहे आत?"

"तवा. आणि खलबत्ता," मी म्हटलं. अभिमानाने!

"लोखंडी?"

"मग!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो ताई, भिंतीच्या पलीकडे होकायंत्र आहे! त्याच्या पाठीला लोखंड लावून ठेवलंत? मग ते दिशा दाखवणार कशाला, तुमचा खलबत्ता दाखवणार!"

ह्यांना तिने बाहेर होकायंत्रासमोर उभं केलं आणि मला आतून खलबत्ता काढायला लावला. मग तवा. बाहेरून ह्यांचा आवाज आला – "फिरला! काटा फिरला! पंचवीस अंश!"

बाई म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा." ह्यांना म्हणाली, "इतकी वर्षं पाण्यावर, तरी तुम्हालासुद्धा सुचू नये?" तर हे म्हणतात कसे, "मी दुसराच चोर धरून बसलो होतो – दादाचा." आणि मग तिथेच मटकन बसले आणि रडले. परक्या लोकांसमोर. मीही रडले. फुटपट्टी उगाच पायरीचं माप घेत राहिला.

जीव भांड्यात पडला. मी, मीच केलं हे सगळं! दहा दिवस त्या माणसाला माझ्या हट्टापायी मरण दिसत होतं. पाया पडले तर म्हणाले, "अगं, तुझ्या खलबत्त्याला मी फुलं वाहतो! लोखंड होतं नुसतं – लोखंड!"

बाईने बोट घेतली नाही. म्हणाली, तुमची तुम्हीच चालवा.

२७ ऑक्टोबर

बेटावर गेलो! सरळ! पांढरा खडक नाकासमोर आला तेव्हा हे शिट्टी वाजवून ओरडले. डबा खडकावर बसून खाल्ला. लेकीला तिथूनच फोन. डॉक्टरांची वेळ रद्द करायला सांगितली. ती हसत होती, रडत होती. म्हणे, खलबत्ता समुद्रात टाका. मुळीच नाही! कोनाडा २, अगदी पुढच्या टोकाला, होकायंत्रापासून कोसभर.

एक तारीख नक्की.

२९ ऑक्टोबर

कोनाड्यांची यादी दाराच्या आत चिकटवायची म्हणून या वहीतून उतरवून घेत होते. पानं मागे चाळत गेले.

खलबत्ता ठेवला चौदा तारखेला.

मासेमारांच्या धक्क्याला बोट लावली ती नऊ तारखेला. परत येत होतो. ऊन होतं, सगळं लख्ख दिसत होतं, होकायंत्र बघायचं कारणच नव्हतं. अकरा वर्षांचा आपला धक्का. आणि हातात दोर.

दोनदा पाहिलं. अक्षर माझंच आहे. हसून हसून पुरेवाट झाली, असं लिहिलंय.

हे बाहेर शीळ घालत शीड घडी करताहेत. आत्ता हाक मारली, "अगं, झाली का यादी?"

"झाली," म्हटलं.