प्रोफिराच्या घराला गिऱ्हाईक

चि. प्रोफिरास, थोरल्या भावाचे आशीर्वाद.

तुझी आणि मेहुण्यांची प्रकृती उत्तम असणारच. इटलीची हवा चांगली, हे एकोणीस वर्षं ऐकतोय. माझे गुडघे सरकारी खात्यातले, दहाच्या आत कामाला लागत नाहीत. बाकी ठीक.

घर विकायला काढ म्हणून कळवलंस, काढलं. दोन मजले, अकरा खिडक्या, इटलीहून धाडलेल्या फरश्या आणि आत चिटपाखरू नाही. (गावात अशी चौदा घरं आहेत. आपले म्हातारे सोडून इटलीच्या म्हाताऱ्यांच्या उश्या सारख्या करायला गेलेल्या लोकांचा हा देश! राग मानू नकोस, मानलास तरी चालेल.) तर परवा गिऱ्हाईक आलं. योस्ट नावाचा हॉलंडचा साडेसहा फुटी माणूस, आपली भाषा पुस्तकातून शिकलेला. म्हणाला, "आजोबा, घर मग बघू, आधी तुमच्या देशाबद्दल थोडक्यात सांगा." (आजोबा! मला एकसष्टावं चालू आहे.) देश थोडकाच आहे, पण कोरड्या घशानं पाहुण्याशी बोलणं आपल्यात शोभत नाही, म्हणून त्याला माझ्या वाइनच्या तळघरात नेलं.

चौतीस वर्षं भूगोल शिकवला, खोटं कशाला बोलू? सांगितलं, बाबा रे, आमचा सर्वांत उंच डोंगर चारशे तीस मीटर. धापा टाकत चढलास तर पलीकडे पुन्हा द्राक्षंच. समुद्र नाही. दानूबचा काठ मिळालाय तो पाचशे मीटरसुद्धा नाही, त्यावर बंदर थाटून आम्ही मिरवतो. नीस्त्रू नदीपलीकडच्यांनी वेगळा झेंडा लावलाय, वेगळ्या नोटा छापल्यात. तिकडच्या मावशीला भेटायला निघालं की नाक्यावरचा शिपाई विचारतो, परत कधी जाणार? भाषा एकच, पण तिचं नाव काय, यावरून मी आणि पोस्टमास्तर तीन वर्षं त्याच भाषेत भांडतोय. प्रत्येक वाक्याला योस्टचा पेला रिकामा. तेवढ्यात शेजारच्या तुदोसियाला वास लागला आणि ती जिन्यावरूनच ओरडली, "अरे हारालांब, पाहुण्याला व्हिनेगर काय पाजतोस? चल रे बाबा, माझ्याकडची खरी पी!" मी म्हटलं, "तुझी पिऊनच तुझा नवरा पोर्तुगालला पळाला!" मग तीही खाली येऊन बसली आणि माझं व्हिनेगर तीन पेले प्यायली.

शेवटी राहवेना, पितरांच्या सोमवारचं सांगितलं. ईस्टरनंतर आपण कबरीपाशी जेवतो, गेलेल्याच्या नावानं दुसऱ्याला पेला दान देतो, ते. गेल्या वर्षी आईच्या नावाचा कोरा पेला मी तुदोसियाला दिला. तिनं तो तिच्या सासूच्या नावानं पाद्र्याला दिला, पाद्र्यानं पोस्टमास्तरला, आणि दुपारी तोच पेला माझ्या हातात, वाटेत टवका तेवढा उडालेला. दान घ्यायलासुद्धा माणूस उरला नाही, असला हा देश! हे ऐकून कुठलाही शहाणा पळाला असता. हा रडला. म्हणाला, "मग मला द्या ना. मी घेईन, दरवर्षी घेईन." आणि घर न बघताच पसंत करून मोकळा झाला.

मूर्ख आहे, पण शब्दाचा पक्का दिसतो. आता कागदांवर तुझी सही हवी, आणि ती इथंच, समक्ष, ईस्टरनंतरच्या आठवड्यात. कायदाच तसा आहे, त्यापुढे माझं काय चालणार?

तुझा भाऊ,
हारालांब

ता.क. येताना पांघरुणं आणू नकोस. तुझ्या वरच्या खोलीत हिवाळाभर दर रविवारी शेगडी पेटवतो. भिंतींना ओल धरू नये म्हणून, दुसरं काही नाही.

ता.क. २. नोटरीबाई म्हणतात, मुखत्यारपत्र तिथल्या वकिलातीतूनही पाठवता येतं. हे लिहायचं नव्हतं, पण ईस्टरचे उपवास चालू आहेत, खोटं पचत नाही. (वाइन पचते.) आणि भूगोल मी गिऱ्हाइकांना पळवायलाच सांगतो. योस्टच्या आधीचे दोघे डोंगरापाशीच पळाले होते.

ता.क. ३. टवका उडालेला तो पेला धुऊन ठेवलाय. आलीस तर तुला देईन, नाही आलीस तर योस्टला. पेला घेताना त्याला आपल्या आईचं नाव विचारायला लावू नकोस.