पहिल्या आठवड्याचा स्वाध्याय

कॉलिंगवूड, मेलबर्न
शुक्रवार सकाळ

प्रिय फर्गस,

मंगळवारच्या बैठकीत सगळ्यात आधी हात तुझा वर गेला, म्हणून आभार मानायला बसलेय. गेम बनवायला शिकवणाऱ्या तुझ्या विभागाचा नवा अभ्यासक्रम एकमताने मंजूर झाला, आणि तो मी लिहिलेला. वर तू सगळ्यांसमोर म्हणालास, "आमची ड्रिट्स कामाला वाघ आहे." अकरा वर्षांनी ते लाडाचं नाव तुझ्या तोंडून ऐकलं आणि हातातली कॉफी तुझ्या शर्टावर ओतावीशी वाटली. ओतली नाही. त्याहून बरं काहीतरी माझ्या हातून आधीच झालेलं होतं.

बाहेरची सल्लागार म्हणून तू मला बोलावलंस तेव्हा आमच्या ऑफिसातली सहाही माणसं म्हणाली, कशाला जातेस त्याच्या दारात? तू लिहिलं होतंस, "जुनं सगळं विसरलोय आपण, हो ना?" आपण म्हणे. माझ्या वतीनेही विसरून मोकळा झालास.

तिसऱ्या वर्षाचा आपला गेम आठवत असेलच, 'दहिवर'. शेपर्टनच्या बागेत पहाटे दहिवर, म्हणजे मोहोर जाळणारं गोठलेलं दव, पडायला लागतं आणि एक म्हातारा नाशपातीचा मोहोर वाचवायला धावत सुटतो. तो म्हातारा म्हणजे माझे बाबा. बाग आमची. त्याचं धापा टाकणं, गुडघ्यावर हात टेकून उठणं, गारठा हटवायचे मोठे पंखे सुरू करताना पुटपुटणं, सगळं मी लिहिलं. तू लोकांपुढे बोलायचास. ते तुला झकास जमायचं, खोटं कशाला बोलू, मी प्रेमात पडले तीही त्या बोलण्याच्याच. पण वर्षभरात माझं एक टिपण वाचलं नाहीस. "तू थोडक्यात सांग, पुढचं मी बघतो," एवढंच. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी आपलं फाटलं, आणि पुढचं तू खरंच बघितलंस.

प्रदर्शनाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेपर्टनहून गाडी हाकत आले. शिक्षकांसाठी आईने पाकातल्या नाशपातीच्या सहा बरण्या दिल्या होत्या. बाबांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शेवटी बनवणाऱ्यांची नावं येतात हे मी सांगितलं होतं, म्हणून ते खेळणाऱ्या मुलीच्या मागे तासभर उभे राहिले. नावं वर सरकू लागली तसा त्यांनी चष्मा पुसला. तुझं नाव आलं, मग आपल्या गटातल्या बाकी तिघांची, आणि पडदा काळा झाला. ते म्हणाले, "पुन्हा लाव गं, माझ्याच नजरेतून सुटलं असेल." मी दोनदा लावलं. मग तेच म्हणाले, राहू दे, आणि तू समोर आलास तेव्हा काय करावं न सुचून बरण्यांचं खोकं तुझ्या हातात दिलं. तू घेतलंस. "वा, इस्मेत, कशाला एवढी तसदी," असं बाबांना नावाने हाक मारून म्हणालास. परतीच्या वाटेवर बाबा छाटणीबद्दल बोलत राहिले. मागच्या जूनमध्ये ते गेले, आणि तो विषय त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही.

तेव्हा मी सरांकडे तक्रार नेली होती. ते म्हणाले, गुण गेमला असतात, कोणी काय केलं ते तुमचं तुम्ही बघा. नवा अभ्यासक्रम मी तिथूनच रचायला घेतला. आता निम्मे गुण सादरीकरणाला नाहीत, ते कामाच्या नोंदवहीला आहेत. आपल्या धंद्यात कोणी एक ओळ लिहिली, बदलली, पुसली, तरी नाव, तारीख आणि वेळ संगणकातल्या या नोंदवहीत आपोआप पडते, आणि पुसलेलंही तिथे राहतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक असतं. तू माझं नाव यादीतून काढलंस आणि नोंदवहीत स्वतःच्या नावाने शेरा लिहिलास, "किरकोळ साफसफाई."

ती नोंदवही अकरा वर्षं विद्यापीठाच्या सर्व्हरवर पडून आहे. ती शिकवायला वापरायची लेखी परवानगी बाकी तिघांनी दिली. तुझीही आहे. परिशिष्टाच्या एक्केचाळिसाव्या पानावर मंगळवारी तूच सही केलीस. मी पान उघडून समोर धरलं होतं. तू म्हणालास, "थोडक्यात सांग ना." मी सांगितलं, "जुन्या गेमची नोंदवही मुलांनी वाचायची." तू म्हणालास, "सुरेख."

तर पत्राचं कारण. सोमवारी नऊ वाजता पहिला तास आहे, आणि शिकवणारा म्हणून तुझं नाव मी मुद्दाम घातलंय. स्वाध्याय असा: 'दहिवर'ची नोंदवही उघडा, कोणी किती काम केलं ते मांडा, शेवटच्या यादीतून कोणाचं नाव कोणी काढलं ते शोधा, आणि उत्तर वर्गात मोठ्याने वाचा. बरी पोरं दहा मिनिटांत शोधतील. हे पत्र आज तुझ्या टपालाच्या खणात टाकून येतेय, म्हणजे तुझ्याकडे दोन दिवस राहतील. त्यांनी वाचण्याआधी तू स्वतः उभं राहून सांगायचं की नाही, ते ठरव. बाबांना तयारीला दोन मिनिटंही मिळाली नव्हती. मी आणि आई मागच्या रांगेत बसू. येताना त्या सहा बरण्या घेऊन ये, आई अजून विचारते.

तुझीच, या खेपेला पूर्ण नावाने,
ड्रिता मेहमेती