बोर्ड बुडालं, आता बोट आपली

६ नोव्हेंबर, सोमवार

जिंकलो! खाडी बोर्ड बरखास्त. दुपारच्या बातम्यांतच सांगितलं. लोकांनी न निवडलेली असली सगळी बोर्डं मार्चअखेर बंद, आणि त्यांची कामं ज्या त्या गावच्या कौन्सिलकडे. म्हणजे आबरवेर्नमध्ये माझ्याकडे. चेअरमन मी.

आता बोर्डाची फेरीबोट आमची. धक्का आमचा. धक्क्यावरचे संडासही आमचेच, पण ते नंतर बघू.

मेन्नाला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. सूपसाठी भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, बोट चालू राहील ना रे? एवढंच. इथे इतिहास घडतोय आणि बायको वेळापत्रक विचारते! म्हटलं, अगं, चालू राहील काय, दुप्पट फेऱ्या मारेल.

तिची आई खाडीपलीकडे, पोर्थवेनच्या वृद्धाश्रमात असते. मेन्ना रोज सकाळच्या बोटीने जाते, आईला दुपारचं भरवते, संध्याकाळच्या बोटीने परत. सासूबाई दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाहीत. नर्सने चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेतात. हट्टी बाई. मेन्ना कुणावर गेली आहे ते कळतं.

१४ नोव्हेंबर

संकल्प: १) बोटीला नवा रंग. २) नवं नाव: ‘लोकशाही’. ३) पहिल्या फेरीला बँड. ४) माझं भाषण, छोटंसं. पस्तीस मिनिटं.

एल्व्हेदला भेटलो. बोट तोच चालवतो, शाळेत माझ्या बाकावर होता. त्याला संकल्प वाचून दाखवले. त्याने विचारलं, इंजिनाचं काम कोण बघणार? बोर्डाचा माणूस दर वसंतात यायचा. मी म्हटलं, एल्व्हेद, जरा मोठा विचार कर. बोर्डाला कोणी निवडून दिलं होतं? तर हा खवचट म्हणतो, तुला तरी कुणी दिलंय? तुमच्या जागांना कधी दुसरा उमेदवारच उभा राहत नाही.

मूर्ख. बिनविरोध म्हणजे काय? सगळ्या गावाचं मत! हे मला तिथल्या तिथे सुचलं असतं तर त्याला सुनावलं असतं. घरी आल्यावर सुचलं.

२३ नोव्हेंबर, रात्री

कौन्सिलची मीटिंग. ऐतिहासिक. बोर्डात काय चालायचं, सगळ्यांना ठाऊक आहे: चेअरमनच्या भाच्याला धक्का रंगवायचं काम. आपल्यात तसलं नको. म्हणून माझा ठराव: ज्या विषयात सदस्याचा किंवा घरच्यांचा कणभरही फायदा असेल, त्याने तो उभं राहून जाहीर करायचा आणि खोलीबाहेर जायचं. नियम आधीही होता, पण मिळमिळीत. क्लार्ककडून लेखी सूट घेऊन बसता यायचं. मी ती सूटच काढून टाकली.

आमची क्लार्क डेलिथ म्हणाली, चेअरमनसाहेब, सूट राहू द्या, कधीतरी लागते. मी म्हटलं, सूट हा बोर्डाचा शब्द आहे. ठराव एकमताने मंजूर.

मिसेस हॉवेल्स मात्र तोंड वाकडं करून बसल्या होत्या. त्या सदस्य आहेत आणि धक्क्यावर दुकान चालवतात. त्यांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

१६ जानेवारी

बोर्डाने निरोप पाठवला: येऊन बोट समजून घ्या, इंजिन, विमा, भरती-ओहोटीचं सगळं. गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्यांना कुणी निवडलं नाही त्यांच्याकडून आम्ही काय शिकायचं? एल्व्हेद गेला होता म्हणे. जाऊ दे.

रंग कुठला द्यावा यावर उपसमिती नेमली. लाल की हिरवा. दोन गट पडलेत. चर्चा सुदृढ आहे.

८ फेब्रुवारी

पोर्थवेनच्या कौन्सिलने बोट घ्यायचा ठराव केलासुद्धा. तीन-चार मिनिटांत. ना चर्चा, ना उपसमिती. उथळ लोक.

नियम असा आहे की दोन्ही काठांच्या कौन्सिलांनी मार्चअखेरपर्यंत ठराव केला तरच बोट मिळणार. नाही तर सरकार ती विकून टाकणार. मेन्ना म्हणाली, मग तुम्हीपण हात वर करून मोकळे व्हा ना. तिला समजावलं की लोकशाहीत आधी लोकांना विचारावं लागतं. ती म्हणाली, मी लोक नाही का? बायकांशी राजकारण बोलू नये.

२९ फेब्रुवारी

जनसभा चॅपलच्या हॉलमध्ये. गर्दी चांगली होती, निदान केक संपेपर्यंत. मी बोटीच्या भविष्यावर बोललो. प्रश्न सगळे कुत्र्यांच्या घाणीवर आले. एका बाईने विचारलं, बोट एक एप्रिलला चालू असणार की नाही, हो की नाही एवढं सांगा. मी म्हटलं, याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. टाळ्या नाहीत, पण लोक विचारात पडलेले दिसले.

२१ मार्च

बुधवारच्या मीटिंगचा अजेंडा लागला. विषय एकच: बोट ताब्यात घेणे. डेलिथ दाराशी घुटमळत होती. म्हणाली, साहेब, एक विचारू? सदस्यांपैकी बोटीचा पास कुणाकुणाच्या घरी आहे? म्हटलं, असतीलच बऱ्याच जणांच्या, लोकप्रिय सेवा आहे ती! ती काहीतरी पुटपुटत गेली. चांगली मुलगी आहे, पण दूरदृष्टी नाही.

भाषण पाठ झालं. चाळीस मिनिटांवर गेलंय.

२७ मार्च, बुधवार, रात्री ११

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सातही सदस्य हजर. मी घंटी वाजवली. नियमाप्रमाणे विचारलं, या विषयात कुणाचा फायदा? मिसेस हॉवेल्स उठल्या, दुकान. बाहेर गेल्या. मग प्रिचर्ड, मुलगी बोटीने कॉलेजला जाते. बाहेर. मग कौन्सिलवरचे दोघे भाऊ, दोघांचे पास. बाहेर. मग चॅपलच्या ऑर्गनवाल्या बाई, पलीकडे शिकवण्या घेतात. बाहेर. प्रत्येक जण उठला की माझी छाती भरून येत होती. हे बोर्डात कधी झालं असतं?

मग मी स्वतः उठलो. म्हटलं, माझी पत्नी रोज बोटीने जाते. आणि ताठ मानेने बाहेर आलो.

बाहेर पॅसेजमध्ये आम्ही सहा जण, चहाच्या भांड्याभोवती. आत डेलिथ आणि मिस्टर व्हिटलॉक. ते निवृत्त इंग्रज गृहस्थ, बोटीत बसलं की त्यांना ओकारी येते, म्हणून त्यांचा काडीचा संबंध नाही. चहा छान झाला होता.

डेलिथ दारात आली. म्हणाली, एका सदस्यावर मीटिंग होत नाही. किमान तीन लागतात.

मिसेस हॉवेल्स म्हणाल्या, चला तर आत, तो मूर्ख नियम रद्द करू आणि हात वर करू. मी अडवलं. नियम रद्द करणं अजेंड्यावर नाही. अजेंड्यावर नाही ते करता येत नाही. मग त्या जे बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही. चॅपलला जाणारी बाई!

मीटिंग तहकूब. पण तत्त्व राखलं. गावाने हे पुढे अभिमानाने सांगावं.

मेन्ना जागी होती. विचारलं, झालं? म्हटलं, जवळजवळ.

२८ मार्च

डेलिथला सकाळीच गाठलं. म्हटलं, उद्या परत मीटिंग लाव. ती म्हणाली, तीन दिवसांची नोटीस लागते, आणि उद्या गुड फ्रायडे. सुट्टी धरत नाहीत. रविवारही धरत नाहीत. सोमवारी ईस्टरची सुट्टी. रविवारी मुदत संपते.

म्हटलं, काहीतरी मार्ग काढ. ती म्हणाली, मार्ग होता, साहेब. सूट.

बोर्डाला फोन केला. मुदत वाढवण्याविषयी. तिथल्या माणसाने फार सभ्यपणे सांगितलं की वाढवली असती, पण आम्हाला बरखास्त केलंय.

२ एप्रिल

बोट नेली. दुसऱ्या बोटीला बांधून ओढत नेली. धक्क्यावर बरेच लोक जमले होते. हा सगळा सरकारचा नाकर्तेपणा आहे, असं मी त्यांना सांगायला सुरुवात केली. एल्व्हेद माझ्या शेजारून गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मेन्ना बसने गेली. खाडीला वळसा घालून. दोन तास. सकाळची बस उशिरा सुटते, ती पोहोचली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. सासूबाईंनी ताट ढकललं म्हणे. तात्पुरती गैरसोय.

संकल्प: मंत्र्यांना सविस्तर निवेदन.

१० एप्रिल

निवेदन सतरा पानं झालं. त्यात मेन्नाचं उदाहरण घातलं आहे, नाव न घेता. तिला वाचून दाखवणार होतो. ती बुटांसकट सोफ्यावर झोपली होती. सासूबाईंचं वजन उतरलंय. दुपारी मेन्ना पोहोचेपर्यंत नर्सा प्रयत्न करतात, मग ताट उचलून नेतात. नर्सांनी जरा गोड बोलायला हवं, असं मी सुचवलं. मेन्नाने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले.

१२ एप्रिल

कौन्सिलच्या नव्या निवडणुकीचे अर्ज भरायची मुदत संपली. मी पुन्हा बिनविरोध! बाकी सहा जागांवर कुणीच अर्ज भरला नाही. मिसेस हॉवेल्सनीसुद्धा नाही. डेलिथने राजीनामा दिला, पोर्थवेनच्या कौन्सिलमध्ये नोकरी मिळाली तिला.

घरी येऊन मेन्नाला बातमी सांगितली. तिने बॅग भरून ठेवली होती. म्हणाली, आश्रमाजवळ एक खोली मिळते, आई खायला लागेपर्यंत राहते तिथे. म्हटलं, आठवडाभर ना? ती म्हणाली, फ्रीजमध्ये सूप आहे, ते आधी संपव.

मी बॅग बसस्टॉपपर्यंत नेली. जड होती. आठवड्याला एवढं सामान लागत नाही.

११ मे, शनिवार

आज पोर्थवेनला गेलो. बस दोन तास. मंत्र्यांचं उत्तर सोबत नेलं होतं. हा विषय आता स्थानिक कौन्सिलच्या अखत्यारीत आहे, असं त्यांनी कळवलंय.

मेन्ना आईला खीर भरवत होती. सासूबाई खात होत्या, सावकाश, पण खात होत्या. फार बारीक झाल्यात. हात नुसते काड्या. मी दारातच उभा राहिलो. त्यांनी मेन्नाला विचारलं, हा कोण? ती म्हणाली, खा, आई.

खुर्ची एकच होती, तिच्यावर मेन्ना. मी पलंगाच्या टोकाशी उभा. येताना बसमध्ये मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. चूक झाली, म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते मंत्र्यांच्या उत्तराविषयी. मेन्नाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, मोठा आवाज झाला की आई खायचं थांबवते, जरा हळू बोल.

परतीची बस एकच. तिने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, नीघ, चुकेल. मी निघालो. स्टॉपवर येईपर्यंत लक्षात आलं की घरी कधी येणार, हे विचारलंच नाही. परत जाऊन विचारणार होतो, तेवढ्यात बस आली.