भूगाव ते ताम्हिणी: कुठं जेवावं, कुठं जेवू नये

२ जानेवारी २०२५, गुरुवार

नव्या वर्षाचा एक दिवस वाया गेला. हरकत नाही. मोठी कामं दोन तारखेलाच सुरू होतात.

आमच्या खालच्या वावरात जी सोसायटी उभी राहिली, तिच्या सेक्रेटरी उत्कर्षा मॅडम सकाळी घरी आल्या. म्हणाल्या, दर रविवारी ग्रुपवर एकच प्रश्न असतो, बाहेर जेवायला कुठं जायचं? सगळी माणसं नवीन. काका, तुम्ही इथले जुने, एक यादी करून द्या. मी म्हटलं, यादी वाण्याला देतात. मी गाईड देतो.

एकसष्ट वर्षं भुकूममध्ये काढली. भूगावपासून ताम्हिणीपर्यंत असं एक हॉटेल नाही जिथं मी हात धुतले नाहीत. हे काम माझ्याशिवाय कोण करणार?

ठराव: कुणाची भीड धरायची नाही. ओळख सांगायची नाही. गोड टाळायचं (शुगर). खरं तेच लिहायचं.

शुभांगीला सांगितलं. ती म्हणाली, आधी त्या नाकाचं बघा. दिवाळीतल्या सर्दीपासून तुमचं काहीतरी बिनसलंय. परवा दूध करपून घरभर वास सुटला, तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता.

मी पेपर एकाग्रतेने वाचतो, हे बायकोच्या लक्षात येत नाही. शिवाय जेवायला जीभ लागते, नाक नाही.

५ जानेवारी, रविवार

सुरुवात नरहरीपासून. पौडला त्याची खानावळ. नरहरी माझा शाळेपासूनचा दोस्त, चौथीत एका पाटीवर लिहिलंय. पण गाईडमध्ये दोस्ती नाही.

मटण थाळी. रस्सा लालभडक, वर तर्री, दिसायला एकदम बरोबर. तोंडात घातला आणि काहीच नाही. मीठ मागवलं. परत मागवलं. लिंबू मागवलं. तिसऱ्यांदा मीठ मागवलं तेव्हा नरहरी स्वतः गल्ल्यावरून उठून आला, माझ्या ताटावर आणि वहीवर वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत जाऊन बसला.

लाज वाटली असणार. बत्तीस वर्षं धंदा केला की माणूस थकतो.

आजूबाजूची माणसं मात्र बोटं चाटत होती. सवय. लोकांना सवयीचीच चव लागते.

७ जानेवारी, मंगळवार

धरणाच्या बाजूला नवीन कॅफे झालाय. नाव इंग्रजीत. वाचता आलं, उच्चारता आलं नाही. पांढरा पास्ता मागवला. पांढराच होता, दुसरं काही सांगता येणार नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी. पाण्याचा देखावा सुंदर, पण देखावा गिळता येत नाही. (हे वाक्य गाईडमध्ये घ्यायचं.)

९ जानेवारी, गुरुवार

पिरंगुटची मिसळ. कट दोनदा मागवला, तिसऱ्यांदा वाटीऐवजी जगच ठेवून गेले. तरी ओठ जरा चुणचुणले, बाकी काही नाही. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ नाक पुसत पुसत, काय झणझणीत आहे म्हणत होते. नाटकी लोक.

एकूण चिंतेची बाब. तालुक्यातली चव चाललीय. जमिनी गेल्या, विहिरी बुजल्या, आता मसालेही बाहेरून येतात. यावर प्रस्तावनेत एक परिच्छेद लिहीन.

१२ जानेवारी, रविवार

सापडलं.

नांद्याच्या रस्त्याला, हॉटेल धुमधडाका. पत्र्याची शेड, मालक जालिंदर, वय चाळिशीच्या आतबाहेर, गळ्यात टॉवेल. काळं मटण मागवलं. पहिला घास घेतला आणि कितीतरी दिवसांनी जिभेवर काहीतरी घडलं. दुसऱ्या घासाला कान गरम झाले. तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी. म्हटलं, हीच ती चव.

दोन वाट्या रस्सा संपवला. जालिंदर आतून बाहेर आला. म्हणाला, काका, हा रस्सा बिनदह्याचा कुणी संपवल्याचं आम्ही अजून बघितलं न्हाई. माझ्याबरोबर फोटो काढला आणि भिंतीवर लावतो म्हणाला.

ओळख सांगायची नाही हा ठराव मोडला. पण मी नाही, त्याने मोडला.

१३ जानेवारी, सोमवार

पोट ठीक नाही. थंडी फार आहे यंदा.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

शुभांगीने केलेली तिळाची वडी खाल्ली. ठराव बाजूला, सण आहे. पण वडी गोड नव्हती. गाईडच्या कामामुळे खरं बोलायची सवय लागलीय, तसं बोललो. जावई सहावी वडी खात होते, ते थांबले. मुलगी गौतमी आईकडे बघायला लागली. शुभांगीने वड्यांचा डबा आत नेऊन ठेवला. संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

टीका पचवणं सगळ्यांना जमत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

गाईड पूर्ण. चार पानं. टाइप करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. पहिला नंबर हॉटेल धुमधडाका: "मुळशीच्या अस्सल चवीचा शेवटचा किल्ला." मधे बाकीचे. शेवटचा, अकरावा नंबर नरहरीची खानावळ: "पूर्वी बरी होती. आता रस्सा म्हणजे गरम पाण्याला दिलेला लाल रंग."

हे वाक्य लिहायला पाऊण तास लागला. तीनदा खोडलं, तीनदा लिहिलं. शेवटी ठरावाचं पान उघडून बघितलं. खरं तेच लिहायचं, असं माझ्याच अक्षरात होतं.

ग्रुपमध्ये एकशे त्रेचाळीस माणसं. आत्तापर्यंत चार अंगठे आले. बाकीचे सविस्तर वाचत असतील.

१९ जानेवारी, रविवार

पौडला बाजाराला गेलो होतो. नरहरी दारात उभा होता. मी रस्त्याच्या या बाजूने हात केला. त्याने केला नाही. सरळ माझ्याकडे बघत होता, पण हात केला नाही.

म्हणजे वाचलं.

पन्नास वर्षांची दोस्ती. त्याच्या लग्नात मी वाढपी होतो, माझ्या लग्नात तो आचारी. शुभांगीच्या ऑपरेशनला आठ दिवस डबा त्याच्याकडून आला. आणि मी काय लिहिलं, तर गरम पाण्याला लाल रंग.

पण तत्त्व म्हणजे तत्त्व. यापुढे पौडला मागच्या रस्त्याने जायचं. दोन किलोमीटर जास्त पडतं, तेवढाच व्यायाम.

२१ जानेवारी, मंगळवार

मोठी बातमी. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीचं स्नेहभोजन असतं. यंदा उत्कर्षा मॅडमनी ठरवलं, काकांच्या गाईडमधल्या पहिल्या नंबरचं जेवण आणायचं. शाकाहाऱ्यांना त्याच मसाल्यातलं वांगं. एकशे वीस पानं. जालिंदरचा फोन आला, म्हणाला, साधं करू का तुमच्यासारखं करू? मी म्हटलं, माझ्यासारखंच.

भाषण लिहायला घेतलं. विषय: चव आणि आपण.

२६ जानेवारी, रविवार, दुपारी ४

भाषण झालं नाही.

क्रमाने लिहितो. झेंडावंदन व्यवस्थित. साडेबाराला पहिली पंगत बसली. चेअरमन बंडोपंत, वय बहात्तर, बँकेतून रिटायर झालेले शांत गृहस्थ. त्यांनी पहिला घास घेतला आणि ताठ झाले. मग पाण्याचा जग दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. तेवढ्यात पंगतीच्या त्या टोकाला एक लहान पोर रडायला लागलं, मग दुसरं, मग त्यांच्या आया. कुणीतरी साखरेचा डबा आणायला धावलं. वांगंवाले म्हणत होते, निदान मटणवाल्यांनी तरी बरं खाल्लं असेल. मटणवाले नळाखाली होते. दुसरी पंगत बसायच्या आधीच उठली.

मला वाटलं, पुणेरी पोटं. धीर द्यावा म्हणून मी मधोमध बसलो आणि सगळ्यांना दिसेल असा शांतपणे जेवत राहिलो. रस्सा परत मागून घेतला.

उत्कर्षा मॅडम माझ्यासमोर येऊन बसल्या. माझ्या वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्हाला हे खरंच तिखट लागत नाहीये?"

मी म्हटलं, बेताचं आहे.

त्यांनी माझी वाटी उचलली आणि शुभांगीला हाक मारली.

घरी आल्यावर शुभांगीने मला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली काहीतरी धरलं. म्हणाली, सांगा काय हाय. मी थोडा विचार करून म्हटलं, गुलाब.

हिंगाचा डबा होता.

२८ जानेवारी, मंगळवार

पुण्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. नाकात दुर्बीण घातली. म्हणाले, सर्दीत वास गेलाय, त्याबरोबर जिभेची चवही बरीच गेलीय. तिखट तेवढं जाणवतं, कारण ती चव नसते, ती आग असते. मी विचारलं, परत कधी येईल? म्हणाले, सहा महिने, वर्ष. काहींना येत नाही.

मी विचारलं, याचा गाईडवर कितपत परिणाम झाला असेल? ते म्हणाले, कसलं गाईड?

उपाय असा, की रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब यांचा वीस-वीस सेकंद वास घ्यायचा. आणि घेताना ती वस्तू आठवायची.

शुभांगी गाडीत म्हणाली, संक्रांतीपासून रागावले होते, आता कुणावर रागवू?

३० जानेवारी, गुरुवार

लवंग. काही नाही. लिंबू. काही नाही. शुभांगी समोर घड्याळ धरून बसते आणि वीस आकडे मोजते.

शेवटचा वास कशाचा घेतला होता ते आठवायचा प्रयत्न केला. दिवाळीच्या आसपासचं काहीतरी. उटणं असेल, चकलीचं तेल असेल. लक्ष दिलं नव्हतं. लक्ष द्यायचं असतं हे कोण सांगतं?

दुपारी जरा बरं वाटलं. गाईड वाया जाऊ द्यायचं नाही. दुसरी आवृत्ती काढू: पार्किंग, पंखे, बेसिन, बसायच्या खुर्च्या. यात नाक लागत नाही. (काही बेसिनच्या बाबतीत उलट फायदाच.)

पण त्याआधी नरहरी. जन्मभराचं नाव आहे त्याचं, आणि माझ्या नाकापायी ते बुडालं. धंदा बसला असेल. माफीनामा लिहायला घेतला. पहिला मसुदा फार लांब झाला, दुसरा कोर्टाच्या नोटिशीसारखा. तिसरा ठीक. रविवारी जाईन. पुढच्या रस्त्याने.

२ फेब्रुवारी, रविवार

गेलो.

खानावळीत बसायला जागा नव्हती. बाहेर बाकावर माणसं नंबर लावून. मला वाटलं, कुणाचं तरी काही झालं, माणसं भेटायला आलीत. तर आत बंडोपंत सहकुटुंब जेवत होते. आणखी दोन टेबलं सोसायटीचीच. बंडोपंतांनी मला बघून हात वर केला, घास गिळला आणि म्हणाले, "जयसिंगराव, तुमचं गाईड फार उपयोगी आहे. आम्ही खालून वाचतो."

म्हणजे वापरात आहे. हे महत्त्वाचं.

नरहरी गल्ल्यावर होता. मी उभ्यानेच माफीनामा वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला त्याने थांबवलं. म्हणाला, कसलं गाईड? तो त्या ग्रुपमध्ये नाहीच. त्याचा फोन बटणांचा. मग मी विचारलं, त्या रविवारी दारात उभा राहून हात का नाही केलास? म्हणाला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रस्त्यापलीकडे म्हैस उभी का माणूस, ते त्याला गणपतीपासून दिसत नाही. ऑपरेशनची तारीख मार्चमधली मिळालीय.

पंधरा दिवस मी मागच्या रस्त्याने फिरलो.

मग त्याला नाकाचं सांगितलं. डॉक्टर, लवंग, हिंग, सगळं. सांगताना दोनदा नाक पुसावं लागलं. थंडी अजून आहे. नरहरी ऐकत होता. म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं, जयसिंगा. इतकं मीठ बैलबी खात न्हाई."

मग सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाला, तू वहीत लिहीत होतास, लई मन लावून.

त्याने भिंतीकडेचं टेबल मोकळं करून घेतलं. दोन ताटं मागवली. बत्तीस वर्षांत मी त्याला गिऱ्हाइकांच्या वेळेला जेवायला बसलेला बघितला नव्हता. रस्सा चाचपडत माझ्या वाटीत ओतला, थोडा टेबलावर सांडला. मी त्याला सांगितलं, वाटी डावीकडं आहे. त्याने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघून, म्हणजे माझ्या साधारण दिशेने बघून, सांगायला लागला. आज खोबरं चांगलं भाजलंय. मीठ बरोबर हाय, तू मागू नको. लसूण जरा पुढं गेलाय. भाकरी चुलीवरची, धुराचा वास हाय तिला, लई न्हाई, थोडाच.

मी एक एक घास घेत होतो आणि तो एक एक सांगत होता. दोन भाकरी खाल्ल्या.

गाईडसाठी नोंद: रस्सा उत्तम. खोबरं चांगलं भाजलेलं, लसूण किंचित पुढे. भाकरीला धुराचा वास. (नरहरीच्या म्हणण्यानुसार.)